चित्रावर चित्र: कॅमेऱ्यातल्या थरांपासून मोबाइलवरच्या लेयरपर्यंत

खाली मूळ दृश्य, त्यावर दुसरा व्हिडिओ, त्याच्यावर नाव आणि उडत्या ठिणग्या असे लेयर आज मोबाइलवर सहज रचले जातात. एका चौकटीत अनेक चित्रे बसवण्याची ही खटपट सिनेमाइतकीच जुनी आहे. थर किती चढवता येतील, याचे उत्तर मात्र प्रत्येक काळात वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून राहिले.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस याने 1898 साली स्वतःचे डोके काढून टेबलावर ठेवणारा आणि पुन्हा पुन्हा नवे डोके उगवणारा माणूस पडद्यावर आणला. पार्श्वभूमी काळीकुट्ट ठेवायची, म्हणजे फिल्मच्या त्या भागावर प्रकाश पडत नाही आणि तो कोरा राहतो. मग फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळून त्याच तुकड्यावर दुसरे चित्रण करायचे. 1900 साली त्याने याच रीतीने सात मेलिएसांचा वाद्यवृंद उभा केला. सातव्या खेपेला हात चुकला तर आधीच्या सहा खेपा वाया जात. तेव्हा थरांची मर्यादा ठरत होती ती चित्रण करणाऱ्याच्या धीरावर.

भारतात ही विद्या आणली दादासाहेब फाळके यांनी. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेले फाळके छायाचित्रणाबरोबर जादूचे प्रयोगही जाणत होते, आणि पौराणिक कथेला जादूगाराचा हात लागतोच. 'राजा हरिश्चंद्र' (1913) मधले देवाचे प्रकट होणे, 'लंकादहन' (1917) मधले हनुमानाचे उड्डाण हे कथेचे गाभ्याचे प्रसंग होते आणि ते युक्तीच्या चित्रणावाचून दाखवताच आले नसते. फिल्म धुण्याचे काम घरीच चाले आणि त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात असे.

कॅमेऱ्याबाहेर थर जोडण्याची सोय ऑप्टिकल प्रिंटरने केली. एका बाजूला प्रोजेक्टर, समोर कॅमेरा. आधी चित्रित केलेल्या फिल्मी एकेक करून नव्या फिल्मवर उतरवायच्या. चूक झाली तर पुन्हा उतरवता येई, पण प्रत्येक उतरवणीत चित्राचा पोत भरड होई. 1977 साली 'स्टार वॉर्स'च्या ट्रिकदृश्यांसाठी मुद्दाम मोठ्या आकाराची फिल्म वापरली, ती ही घट सोसता यावी म्हणून. वरच्या चित्राची पार्श्वभूमी काढण्यासाठी निळ्या पडद्याची पद्धत 'द थीफ ऑफ बगदाद' (1940) मध्ये लॅरी बटलरने रुळवली. केस, धूर, काच यांच्या अर्धपारदर्शक कडा नीट सुटाव्यात म्हणून पेट्रो व्लाहोस याने पुढे तिच्यात मोठी सुधारणा केली. 'बेन-हर' (1959) मध्ये ती दिसते.

व्हिडिओ आल्यावर हाच खेळ लहान शहरांत पोचला. 1990 च्या दशकात लग्नाची कॅसेट 'मिक्सिंग'ला देणे ही महाराष्ट्रात रूढ गोष्ट होती. दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर एवढ्या सामग्रीवर वधूचा चेहरा बदामाच्या आकारात फिरे आणि नावे सरकत जात. चुंबकीय फितीवरही प्रत्येक नकलेगणिक रंग फिसकटत. त्या कॅसेटींतला पसरलेला लाल रंग अनेक घरांच्या आठवणीत आहे, त्यामागचे एक कारण हेच.

नकलेची घट थांबली ती संगणकामुळे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा दिला: हा ठिपका किती पारदर्शक? त्याला अल्फा म्हणतात. 1984 साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर रचण्याचे गणित मांडले. आजच्या प्रत्येक लेयरखाली तेच गणित चालते, आणि या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची पायरी बहुधा हीच. 1993 च्या 'आफ्टर इफेक्ट्स' या सॉफ्टवेअरने ते डेस्कटॉप संगणकावर आणले.

मोबाइलला गणित जड नव्हते. अडचण डिकोडरची होती. व्हिडिओ दाबून साठवलेला असतो, तो उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो आणि तो मुळात एका वेळी एक व्हिडिओ दाखवण्यापुरता बेतलेला होता. 2012 च्या अँड्रॉइड 4.1 ने ॲपना या भागापर्यंत थेट पोचू दिले. 2013 च्या 4.3 ने तयार चित्र आणि आवाज एकत्र फाइलमध्ये बांधण्याची सोय दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियातले 'काइनमास्टर' हे संकलनाचे ॲप आले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. फोनच्या चिपची कुवत पाहून त्यात व्हिडिओ लेयरची संख्या ठरे. अक्षरे आणि स्थिर चित्रे यांना तसा अटकाव नव्हता, कारण त्यांना डिकोडर लागत नाही. त्यामुळे स्वस्त फोनवरच्या कामात एकच व्हिडिओ आणि त्यावर अक्षरांची, पीएनजी चित्रांची गर्दी अशी शैली दिसते. ती आवडीची तितकीच नाइलाजाचीही आहे.

आयफोनवर 2010 सालीच आयमूव्ही आले होते, पण भारतातली लाट अँड्रॉइडची. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, फेब्रुवारी 2017 मध्ये व्हॉट्सॲपवर चोवीस तासांचे स्टेटस आले, आणि मराठी तरुणांच्या हाती अर्ध्या मिनिटाचा एक नवा घाट पडला. शिवजयंती, बैलगाडा शर्यत, भाऊंचा वाढदिवस: वर गाण्याच्या ओळी, खाली फोटो, मधे धूर. हिरव्या पार्श्वभूमीवरचा आयता धूर डाउनलोड करून बसवणे हे या मंडळींचे नेहमीचे काम. फुकट आवृत्तीतला कंपनीचा शिक्का टाळण्यासाठी चोरीच्या 'मॉड' आवृत्त्याही सर्रास फिरल्या. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स भारतात आणले आणि तेच संकलन तिकडे सरकले.

आता हिरव्या पडद्यावाचूनही माणूस पार्श्वभूमीतून सुटा करता येतो. प्रत्येक चौकटीतली माणसाची कड फोनमधले प्रशिक्षित मॉडेल स्वतः ओळखते. उडणारे केस आणि पातळ ओढणी येथे ते अजून अडखळते, म्हणून कामाचे पैसे घेणारे हिरवे कापड जवळ बाळगतात.