जुनी जीप, तिचा नंबर आणि मोबाईलवरचा बाजार



कांदा रोपाचं लिहायचं राहिलंय, ते पुढच्या वेळी. मधे तिघा-चौघांनी मोबाईलवरच्या जुन्या जीपच्या जाहिराती पाठवल्या. "ओरिजिनल विलीज, लो बॉनेट, आर्मी डिस्पोजल, कागद क्लिअर." घ्यावी का, असा प्रश्न. माझं म्हणणं, जीपचा इतिहास माहीत असला तर जाहिरातीतलं अर्धं खोटं घरबसल्या कळतं. म्हणून आज तोच लिहितो.

जीप जन्मली १९४० साली अमेरिकेत. सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना करून दिला, पण एवढ्या गाड्या काढायची तिची ताकद नव्हती. मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडं. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. फोर्डनं तर आपल्या जीपच्या बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' अक्षर उठवलं होतं. आजही पारखी माणूस तेच शोधतो.

१९४५ मध्ये विलीजनं पहिली बिनलष्करी जीप काढली, सीजे-टूए. ती विकायला काढली कुणासाठी, तर शेतकऱ्यासाठी. पीटीओ बसवून मिळायचा, मागं नांगर लावता यायचा. आपण आज ज्याला हौसेची गाडी म्हणतो ती तिकडं औत म्हणून विकली जात होती.

आपल्याकडं १९४५ मध्ये लुधियान्याला महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये ७५ जीपा सुट्या भागांत अमेरिकेहून आणल्या आणि मुंबईत जोडल्या. पुढं हळूहळू भाग इथंच बनायला लागले.

विलीजनं १९५३ मध्ये सीजे-थ्रीबी आणली. तिचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. तीच आपली 'हाय बॉनेट'. तिच्या आधीच्या त्या 'लो बॉनेट'. अमेरिकेत थ्रीबी १९६८ ला बंद झाली, पण महिंद्रानं तोच साचा पुढं कितीतरी वर्षं चालू ठेवला. म्हणून आपल्या भागात मामलेदाराची, पंचायत समितीची, साखर कारखान्याची म्हणून जी जीप लोकांनी पाहिली ती बहुतेक हाय बॉनेटच. लो बॉनेट मुळातच कमी. आणि जाहिराती बघा, दर दुसरी गाडी लो बॉनेट! बॉनेट पत्र्याचं असतं मंडळी, ते कापून खाली बसवता येतं.

इंजिनाचं तर विचारूच नका. मूळ जीप पेट्रोलवर. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी डिझेल इंजिनं टाकली. पुढं कंपनीनंही जीपला डिझेल इंजिन दिलं, त्यातलं एक इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. त्यामुळं गावच्या फिटरला जीप उघडायची कधी भीती वाटली नाही. चांगलंच झालं ते, गाड्या चालत्या राहिल्या. पण आज 'ओरिजिनल' हा शब्द वाचला की पहिला प्रश्न हाच, ओरिजिनल काय? चेसी, इंजिन, का नुसती पाटी?

आता डिस्पोजल. युद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल विकायला निघाला, तेव्हापासून हा शब्द आपल्या बोलीत आहे. सैन्याच्या बाद गाड्या आजही लिलावात निघतात. त्यातल्या बऱ्याच जीपा हरियाणातल्या मंडी डबवालीला जायच्या. तिथं जुन्या चेसीवर नवा पत्रा, दुसरंच इंजिन, रुंद टायर घालून गाडी उभी करायचा मोठा धंदा आहे. मोबाईलवर चकचकीत दिसते ती बरेचदा ही गाडी. दिसायला देखणी, पण जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कंपनीनं दिलेल्या मूळ मापाबाहेर गाडीत बदल चालणार नाही. रस्त्यावर अडवली तर डबवालीचा माणूस सोडवायला येत नाही.

न बघता जीप घेण्याचा धडा या देशानं फार लवकर घेतलाय. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला जीपा तातडीनं पाहिजे होत्या. लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी ८० लाख रुपयांचा करार केला. बरीचशी रक्कम आगाऊ दिली. पोचल्या फक्त १५५ जीपा, आणि त्या चालवायच्या लायकीच्या नव्हत्या अशी ओरड झाली. अनंतशयनम् अय्यंगार समितीनं चौकशी केली. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. पुढच्याच फेब्रुवारीत मेनन केंद्रात मंत्री झाले. सरकारचे पैसे होते, पचून गेले. आपले कांद्याचे असतात.

काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय आपण इसार देत नाही. जीपचे दात म्हणजे चेसी नंबर. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडायचा. आकड्याभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर चहा पिऊन घरी यायचं. गाडीचा नंबर सरकारी ॲपवर दिसत नसला तर लगेच चोरीची समजू नका, जुन्या बुकांची नोंद संगणकावर चढवायची राहिलेली असते. ती आरटीओत चढवून घ्यायचं काम विकणाऱ्याचं, आणि तेही इसाराच्या आधी.

'व्हिंटेज पासिंग होऊन जाईल' असंही सांगतात. जुलै २०२१ च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातच पाहिजे. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. ट्रॅक्टरचं इंजिन टाकलेली जीप त्यात बसत नाही.

विकणाऱ्याचंही सांगतो. आमच्या वस्तीशेजारी एक काकू आहेत. काका गेले, त्यांची हाय बॉनेट पडवीत उभी. पुतण्यानं फोटो काढून जाहिरात टाकली. तासाभरात फोन. "मी सुभेदार बोलतोय, पोस्टिंग नगरला." वर्दीतला फोटो आला, कँटीनचं कार्ड आलं. भाव कमी करा म्हणाला नाही, गाडी बघतो म्हणाला नाही. "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, इसार तुमच्या खात्यात येईल."

आपला तालुका फौजींचा. राळेगणचे अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हरच होते, १९६५ ला खेमकरणला होते. नगरला १९४८ पासून रणगाडा दलाचं केंद्र आहे. वर्दी बघितली की आपला हात आपोआप कपाळाला जातो, आणि भामट्याला ते बरोब्बर माहीत असतं. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. पुतण्या माझ्याकडं आला म्हणून थांबलं. कुणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

दुसरं गिऱ्हाईक खरं होतं, एक व्यापारी. पैसे रोख काढले, पण म्हणाला २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या द्या, बाकीचं मी बघतो. काकू तयार होत्या. मी आडवा पडलो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी बुकावर ज्याचं नाव त्याची, गाडी मधे कितीही हात फिरलेली असो. आणि इथं तर बुकावर अजून काकांचंच नाव. मयताच्या नावावरची गाडी आधी वारसाच्या नावावर घ्यावी लागते, त्याला ३१ नंबरचा फॉर्म.

तो भरलाय. फेरपासिंगही करायचंय, त्याला ब्रेक आणि दिवे नीट करून घेतले. मागच्या रविवारी पुण्याहून एक जण स्वतः आला. चेसीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, बुकाशी ताडलं, बॉनेटच्या कडा हातानं चाचपल्या. भाव व्यापाऱ्यापेक्षा कमी सांगितला, इसार दिला नाही. बुक काकूंच्या नावावर झालं की फोन करा म्हणाला. त्याचा नंबर पुतण्यानं पडवीतल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.