भाऊ, जायचं तर राजीनामा देऊन जा

धरणगावहून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतोय. बोलण्यातल्या काही लकबी तशाच राहिल्यात, सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न तुमच्यापैकीच अनेकांचा आहे. निवडणूक तोंडावर आली की आमच्याकडे चहाच्या टपरीवर एकच चर्चा असते, ‘भाऊ कुठे जाताय?’ भाऊ म्हणजे आमदार. पण आमदाराने निवडणुकीआधी पक्ष बदलावा की नाही, असं थेट विचारलं तर निम्मे म्हणतात, ‘गद्दारी आहे’. उरलेले म्हणतात, ‘सत्तेत राहिला तरच कामं होतील ना भो’. गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो. फक्त भाऊ आपला की समोरच्याचा, एवढाच फरक.

तसं बाजू बदलणं आमच्या गावाला नवीन नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे धरणगावात खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्या भिल्लांशी कंपनी सरकार लढत होतं, त्यांच्यातलीच माणसं भरती करून. पण त्या माणसांनी कुणाकडे मतं मागितली नव्हती. आमदार मागतो. माझ्या दृष्टीने सगळा वाद इथे सुरू होतो.

आधी जळगाव शहराचं उदाहरण घेऊ. सुरेशदादा जैन १९८० पासून २०१४ पर्यंत तिथले आमदार. तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आधीपासून! या काळात ते काँग्रेस, समाजवादी काँग्रेस, परत काँग्रेस, मग शिवसेना, मग राष्ट्रवादी आणि परत शिवसेना असे फिरले. चिन्ह बदललं, झेंडा बदलला, आमदार तोच. शेवटी २०१४ ला घरकुल प्रकरणात तुरुंगात असताना ते शिवसेनेकडून उभे राहिले आणि भाजपच्या सुरेश भोळे यांच्याकडून हरले. म्हणजे जळगावकरांनी एवढ्या पक्षबदलांत त्यांना एकदाही घरी बसवलं नाही.

तापीच्या पलीकडे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरलाही तसंच. काशिराम पावरा २००९ आणि २०१४ ला काँग्रेसचे आमदार होते. २०१९ च्या निवडणुकीआधी ते भाजपमध्ये गेले, निवडून आले आणि २०२४ लाही आले.

यावरून पुढारी मंडळी एक निष्कर्ष काढतात: ‘लोक पक्षाला नाही, मला मत देतात.’ खानदेशात हे बरंचसं खरंही आहे. मला हा युक्तिवाद मान्य आहे. अगदी शंभर टक्के मान्य करू. मग पुढचा प्रश्न येतो. मत तुम्हालाच होतं, तर जाताना ते परत मागायला भीती कसली?

आता जरा कायद्याकडे जाऊ. हा भाग स्किप करू नका, खरी मेख इथेच आहे.

१९६७ च्या निवडणुकीनंतर देशात पक्षांतराची साथच आली. हरियाणाचे गयालाल तर पंधरा दिवसांत तीनदा इकडून तिकडे गेले आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये तिने अहवाल दिला. समितीने मोजलं, की एका वर्षात ४३८ पक्षांतरं झाली. राज्यांमधल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदं मिळाली. म्हणजे निम्म्याहून जास्त! ‘विचार पटले नाहीत म्हणून गेलो’ हे वाक्य तेव्हाही होतंच, पण हा ११६ चा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा.

समितीची एक शिफारस मला आजही सगळ्यात शहाणी वाटते. पक्ष बदलणाऱ्याला एक वर्ष मंत्री करू नका, किंवा त्याने राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत तरी करू नका. जाऊ नको असं ती म्हणत नाही. जा, पण लोकांना विचारून ये आणि मग खुर्चीवर बस, एवढंच. ही शिफारस तशीच पडून राहिली. जुलै १९७८ मध्ये, ज्यांना चव्हाणांचे मानसपुत्र म्हणायचे त्या शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडलं आणि वयाच्या ३८ व्या वर्षी ते मुख्यमंत्री झाले. असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

पक्षांतरबंदी कायदा आला १९८५ मध्ये. पण त्यात पळवाट होती. एकट्याने गेलात तर आमदारकी जाणार, एकतृतीयांश मिळून गेलात तर ती ‘फूट’, मग माफ. म्हणजे एकट्या चोराला शिक्षा, टोळीला नाही. १९९१ च्या डिसेंबरात छगन भुजबळांनी हेच गणित मांडलं. शिवसेनेचे आमदार ५२, एकतृतीयांश म्हणजे १८. तेवढे जमवले. त्यातले १२ जण त्याच दिवशी माघारी आले म्हणतात, तरी भुजबळांच्या गटाची आमदारकी टिकली. आणि तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष कोण? आपल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी. म्हणजे फैजपूर काँग्रेससाठी राबलेल्या धनाजी नानांचे चिरंजीव. कायद्यातून भुजबळ सुटले, मतदारांकडून नाही. १९९५ ला माझगावात बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं.

२००३ मध्ये घटनादुरुस्ती करून एकतृतीयांशाची सूट काढून टाकली. दोनतृतीयांशाने दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची सूट मात्र राहिली.

पण निवडणुकीच्या तोंडावर जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. त्याचा रस्ता फार सोपा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ अ आहे. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, पण मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घ्यायची गरज नाही. लक्षात येतंय का? शेवटच्या वर्षात आमदाराने राजीनामा दिला तर त्याचं जातं काय? चार-सहा महिन्यांचं मानधन. पोटनिवडणूक नाही, परीक्षा नाही. चार वर्षं एका पक्षाच्या नावावर काढायची आणि पाचव्यात दुसऱ्याचं तिकीट घ्यायचं. २०१९ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात राज्यात हेच चाललं होतं. कालिदास कोळंबकर, शिवेंद्रराजे भोसले, वैभव पिचड, सगळे राजीनामे देऊन भाजपमध्ये गेले. कोळंबकर आणि शिवेंद्रराजे जिंकले, पिचड अकोल्यात हरले. कायदा पक्ष सोडण्याला शिक्षा करतच नाही, चुकीच्या महिन्यात सोडण्याला करतो.

म्हणून मी ‘निवडणुकीआधी राजीनामा दिला होता हो’ या बचावाला फारसे गुण देत नाही. राजीनाम्याला किंमत असते ती मुदत भरपूर शिल्लक असताना.

तशी किंमत मोजलेली दोन नावं सांगतो. नारायण राणे. २००५ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले, चार वर्षं बाकी असताना आमदारकी सोडली आणि नोव्हेंबरात मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसकडून मोठ्या फरकाने जिंकली. (महसूलमंत्री मात्र ते आधीच झाले होते. चव्हाण समितीने इथे लाल शेरा मारला असता.) दुसरे उदयनराजे. ते खासदार, आमदार नव्हे, पण गोष्ट तीच. मे २०१९ ला राष्ट्रवादीकडून साताऱ्यातून निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. साताऱ्यातली पवारांची पावसातली सभा तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल, ती याच निवडणुकीतली. पुढच्या वर्षी भाजपने राजेंना राज्यसभेवर पाठवलं हे खरं, पण सातारकरांना ‘नाही’ म्हणायची संधी तरी मिळाली.

आता याची दुसरी बाजू. न जाण्याचीही किंमत असते. नाथाभाऊ खडसे १९९० पासून मुक्ताईनगरचे आमदार. २०१९ ला भाजपने त्यांचं तिकीट कापून मुलीला, रोहिणीताईंना दिलं. त्याच आठवड्यात ते दुसऱ्या पक्षात जाऊ शकले असते. गेले नाहीत. रोहिणीताई दोन हजारांहूनही कमी मतांनी हरल्या आणि नाथाभाऊ ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले. तेव्हा ते आमदार नव्हते, त्यामुळे कुणाचं मत सोबत घेऊन गेले असं म्हणता येत नाही. उन्मेष पाटलांचंही तसंच. खासदार असताना २०२४ ला भाजपने तिकीट नाकारलं, ते ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि चाळीसगावातून विधानसभेला हरले. पक्षाने तुम्हाला दारच बंद केलं तर बाहेर जाणं मी गद्दारी मानत नाही. तिकीट देणारे पक्षही काही हरिश्चंद्र नाहीत.

आणि मग आमचा स्वतःचा मतदारसंघ, जळगाव ग्रामीण. जून २०२२ मध्ये पाळधीचे गुलाबराव पाटील एकनाथ शिंदेंबरोबर गेले. पाचोरा, चोपडा आणि एरंडोलचे शिवसेनेचे आमदारही गेले. निवडणूक तेव्हा अडीच वर्षं दूर होती, म्हणजे राजीनामा दिला असता तर पोटनिवडणूक नक्की होती. ‘पक्ष आम्हीच’ अशी त्यांची भूमिका, त्यामुळे राजीनाम्याचा प्रश्नच आला नाही. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिंदेंचाच पक्ष खरा ठरवला, कुणीही अपात्र झालं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुलाबराव पाटील मोठ्या फरकाने जिंकले, जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीला गेल्या.

समर्थक म्हणतात, बघा, जनतेने निकाल दिला. दिला, मान्य. पण अडीच वर्षांनी, आणि मधल्या काळातली सत्ता भोगून झाल्यावर. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, संताप आणि कौतुक दोन्ही गरम असताना मत मागितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित हेच झालं असतं. मला वाटतं ते जिंकलेही असते, आणि म्हणूनच न मागितल्याची जास्त चुटपुट वाटते. ‘सत्तेत राहिलो म्हणून कामं झाली’ याचा हिशोब मांडताना एक गोष्ट विसरू नका. पाणीपुरवठा खातं त्यांच्याकडे ठाकरे सरकारमध्येही होतं, शिंदे सरकारमध्येही आणि आता फडणवीस सरकारमध्येही आहे. बाजू बदलली, खातं तेच.

२०२४ ला त्यांच्यासमोर उभे होते दुसरे गुलाबराव, देवकर. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार, २००९ ला याच जागेवर पाटलांना हरवलेले. ज्यांना महायुती नको होती त्यांनी देवकरांना मत दिलं. मे २०२५ मध्ये देवकर अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. आता दोन्ही गुलाबराव महायुतीत आहेत. देवकर आमदार नव्हते, कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी त्यांच्यासाठी घरोघर स्लिपा वाटणाऱ्या पोरांनी आता कुणाला काय सांगायचं, हे मी परवा त्यातल्याच एकाला विचारलं. तो हसला, म्हणाला, ‘भो, माझ्या फोनमधलं स्टेटस तेवढं काढून टाकलं.’