रांजणातला सोनेरी मासा

गटांच्या बैठकांतून एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. पोरांनी हट्ट केला म्हणून काचेच्या गोल भांड्यासकट दोन सोनेरी मासे आणले, आणि आठ दिवसांत ते पोट वर करून तरंगायला लागले. असं का होतं? उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण या माशाची हकिगत वाचायला घेतली तेव्हा दिसलं की ती हजार वर्षांची आहे आणि उत्तर तिच्यातच आहे. म्हणून आज जरा लांबून सुरुवात करतो.

ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो तो मुळात सोनेरी नव्हताच. चीनमधल्या नद्या-तळ्यांत राहणारा, राखाडी-हिरवट रंगाचा, खायचा मासा तो. आपले रोहू, कटला, मृगळ ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला. त्यात क्वचित एखादं पिल्लू लाल-पिवळं निपजायचं. नदीत असं पिल्लू फार दिवस टिकत नाही, बगळ्याला ते लांबूनच दिसतं. पण चीनमध्ये बौद्ध विहारांपाशी तळी असत आणि धरलेला जीव तिथं सोडून पुण्य जोडायची रीत होती. वेगळ्या रंगाचा मासा सापडला की तो कापण्याऐवजी लोक अशा तळ्यात सोडत. तिथं त्याला मारणारं कुणी नव्हतं. लाल माशाला लाल जोडीदार मिळाला आणि रंग टिकला.

बाराव्या शतकात सोंग घराण्याच्या सम्राट गाओझोंगला या माशांचा मोठा नाद होता. हांगझोऊच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी खास तळं होतं. राजाचा नाद म्हटल्यावर सरदार-श्रीमंत मागे कसे राहतील? पुढे मिंग घराण्याच्या काळात हे मासे तळ्यातून घरात आले. कशात ठेवत? आपल्या रांजणासारख्या मोठ्या भांड्यांत. आता रांजणातला मासा वरूनच दिसतो. त्यामुळे वरून शोभेल ते लोक निवडत गेले: दुहेरी शेपूट, गोल गरगरीत अंग, बाहेर आलेले डोळे. १५९६ साली झांग छ्येंदे नावाच्या गृहस्थाने या हिंगुळासारख्या लाल माशांवर आख्खं पुस्तक लिहिलं. शेकड्यांनी पिल्लं वाढवायची आणि त्यांतली अगदी थोडी मनासारखी ठेवायची, असा तो खाक्या होता. आपण बियाण्यासाठी कणसं निवडतो तसंच हे. फरक इतकाच की आपण दाणा भरलेला बघतो, त्यांनी नुसतं रूप बघितलं. म्हणून आजही काही जातींच्या माशांना धड पोहता येत नाही आणि फुगीर डोळ्यांच्यांना नीट दिसत नाही. आम्हांला यात कौतुकापेक्षा कीवच जास्त वाटते.

जपानमध्ये हा मासा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला. तिथली यामातो-कोरियामा गावाची गोष्ट बचत गटांनी ऐकण्यासारखी आहे. १७२४ साली यानागिसावा घराण्याचे सरदार बदली होऊन तिथं आले आणि येताना हे मासे घेऊन आले. आधी ती बड्यांची हौस होती. पुढे सरदारी व्यवस्था मोडली, सामुराई शिपायांचं उत्पन्न बंद झालं, तेव्हा त्यांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी हाच जोडधंदा धरला. भातशेतीसाठी बांधलेली तळी होतीच, त्यात मासे वाढवायचे. फेरीवाले ते कावडीने गल्लोगल्ली विकत. तिथं आजही ही पैदास चालते.

युरोपात हा मासा पोचला तो श्रीमंतांच्या बागेतल्या हौदात. काचेच्या टाकीची कथा मात्र दोन बायकांची आहे, आणि खरं तर तिसरीचीही. झान विल्प्रो-पॉवर ही फ्रान्सच्या खेड्यातून पॅरिसला गेलेली शिवणकाम-भरतकाम करणारी बाई. लग्नानंतर ती सिसिली बेटावर राहायला गेली आणि समुद्रातले जीव जिवंत बघता यावेत म्हणून १८३२ साली तिने काचेच्या टाक्या बनवून घेतल्या. पुढे १८४६ मध्ये लंडनच्या अ‍ॅना थिन बाईंनी समुद्रातली पोवळी घरात जगवली. कशी? पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम त्यांच्या घरातली मोलकरीण करायची. तिचं नाव पुस्तकांत आढळत नाही. चार वर्षांनी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने टाकीत दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं की हे जीव एकमेकांना सांभाळतात.

म्हणजे तळं असो, रांजण असो की टाकी, हा मासा जगला तो भरपूर पाण्यावर आणि ते पाणी सांभाळणाऱ्या हातांवर. लहान गोल भांडं आलं आणि हेच विसरलं गेलं. या माशाला जठर नसतं, तो दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. मोठ्या, जुन्या पाण्यातले सूक्ष्म जीव अमोनिया पचवतात. नव्या चिमुकल्या भांड्यात ते नसतात, आणि मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. आयुष्यच थोडं असेल, असं समजू नका. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये वारला, ४३ वर्षांचा होऊन! इटलीतल्या मोंझा गावाने २००४ साली आणि रोमने पुढच्या वर्षी मासे गोल भांड्यात ठेवायला बंदी घातली, ती उगीच नाही.

मग पाळायचाच झाला तर? दोन माशांना निदान ७५ लिटर पाणी धरा, म्हणजे १५ लिटरचे पाच हंडे. दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं, म्हणजे सव्वा हंडा. तो हंडा कोण आणणार, हे घरात आधी ठरवून घ्या. मासा पोरांचा आणि हंडा आईचा असं नको. टीसीएल टाकलेलं पाणी थेट ओतू नका, त्याने कल्ले जळतात. बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. सगळं पाणी एकदम फेकून टाकी घासून लख्ख करू नका, उपयोगी सूक्ष्म जीव त्यातच जातात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. विकत घेताना साधा, एकेरी शेपटीचा, लांबट अंगाचा घ्या, तो काटक असतो. पर मिटून कोपऱ्यात बसलेला, वर येऊन तोंड उघडझाप करणारा किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला घेऊ नका.

आणि नकोसा झाला म्हणून गावतळ्यात सोडू नका. अमेरिकेतल्या बर्न्सव्हिल गावात लोकांनी असे सोडलेले मासे फुटबॉलएवढे वाढले. ते तळ उकरून पाणी गढूळ करतात. २०२१ साली तिथल्या नगरपालिकेला जाहीर विनंती करावी लागली की पाळीव मासे तळ्यात सोडू नका. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्यसेवक आपल्या हौदात सोडायला देतात ते गप्पी मासे वेगळे. गोल्डफिश सांभाळवत नसेल तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर ज्या घरी मोठी टाकी आहे तिथं पोचवा.