न शिवता घेतलेली नाडी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि ओसरते. लाट आली की त्वचा हिरवा प्रकाश किंचित जास्त शोषते, ओसरली की कमी. हा फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याला पुरतो. कपाळ आणि गालांच्या रंगातला हा चढउतार वेगळा काढला की नाडी मोजता येते. छाती आणि खांद्यांच्या हालचालीवरून श्वास. आयुर्वेदाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. नाडी ही कायम स्पर्शनाची बाब. कॅमेऱ्याने ती दर्शनात आणली. रोग्याला हात न लावता तपासण्याचा इतिहास मात्र कॅमेऱ्याहून जुना आहे आणि त्याचा एक धागा खानदेशातून जातो.

१९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे लोहमार्गावरच्या एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तिथल्या महारवाड्यात त्यांना नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणाऱ्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, आंबेडकर दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदवला. त्यातच त्याच वर्षीच्या ‘यंग इंडिया’तील एका पत्राआधारे काठेवाडची एक हकिकत येते. अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. बरगड्या दुखत होत्या, श्वास घेववत नव्हता. डॉक्टर आला, पण वस्तीबाहेरच थांबला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत आले तेही त्याच वाटेने. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. पुढे त्याने पुन्हा येऊन पाहण्यास नकार दिला आणि बाई दगावली. तापाचा आकडा डॉक्टरपर्यंत पोहोचला होता. छाती ऐकायला आणि श्वास मोजायला मात्र कोणी जवळ गेले नाही. न शिवता मोजमाप करण्याच्या इतिहासात ही हकिकत पहिल्या पानावर असायला हवी.

श्वास मोजायला खरे तर हात लागतच नाही, नजर लागते. लहान मुलाचे ‘पोट उडते’ आहे हे आईला आधी दिसते. मराठी मुलखात या दुखण्याला ‘डबा’ म्हणत आले आहेत. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान यांच्या अभ्यासातून हे पुढे आले, की श्वासाचा वेग नुसता मोजूनही मुलाचा न्यूमोनिया ओळखता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे काम गावातल्या निरक्षर दायांकडे सोपवले. त्यांच्यासाठी बनवलेल्या श्वासमापकात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी पोहोचलात तर न्यूमोनिया. त्यांच्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या घरोघरच्या नवजात बालकाच्या काळजीत आशाताई हीच मोजणी करतात. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवरही झबले वर करून, पोटावर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट. बाळ रडले की मोजणी पहिल्यापासून. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास हा नवजात बाळासाठी धोक्याचा इशारा.

२०२० मध्ये करोनाने अंतर पुन्हा सक्तीचे केले आणि कपाळासमोर धरायची ‘थर्मल गन’ गावोगाव पोहोचली. ती त्वचेतून निघणारे अवरक्त किरण मोजते. म्हणून जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उन्हातून आलेल्याला आधी सावलीत बसवल्याशिवाय तिच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

कॅमेऱ्याची वाट वेगळी. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट टिपण्याचे तंत्र अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात मांडले होते, पण त्यासाठी उपकरण अंगाला लावावे लागे. २००८ मध्ये व्हेरक्रूस आणि सहकाऱ्यांनी साध्या उजेडात, दूर ठेवलेल्या बाजारी कॅमेऱ्याने नाडी दिसते हे दाखवले. २०१० मध्ये एमआयटीत साध्या वेबकॅमने तेच साधले. ऑक्सफर्डमध्ये पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हे तंत्र वापरून पाहिले गेले. अशा बाळांची नाजूक कातडी चिकटपट्टीबरोबर सोलून निघते, तिथे कॅमेऱ्याचे मोल मोठे.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते प्रकाश शोषते, त्यामुळे रक्ताचा संकेत क्षीण होतो. गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेली रीत खानदेशातल्या शेतात रापलेल्या चेहऱ्यावर तितकीच चालेल असे धरून चालत नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मयंक कुमार, अशोक वीरराघवन आणि आशुतोष सभरवाल यांनी २०१५ मध्ये या अडचणीवर काम केले: चेहऱ्याचे लहान भाग पाडायचे, ज्या भागातून संकेत चांगला येतो त्याला जास्त वजन द्यायचे. सावळ्या त्वचेवरही मोजणी सुधारली. रक्तदाब आणि ऑक्सिजनच्या बाबतीत कॅमेरा अजून नाडीइतका भरवशाचा नाही.

हालचाल ही त्याची दुसरी अडचण. झोळीत झुलणाऱ्या बाळाचा झोका आणि त्याचा श्वास वेगळा काढणे कॅमेऱ्याला जड जाते. मोजणी आशाताईची असो वा कॅमेऱ्याची, आधी झोळी थांबवावी लागते.