कारगिलच्या आकाशात न झालेले द्वंद्व

२६ मे १९९९. कारगिलच्या शिखरांवर हवाई दलाने ‘ऑपरेशन सफेद सागर’ आरंभले. दलप्रमुख होते अनिल यशवंत टिपणीस. नियंत्रण रेषा ओलांडू नये, असा शासनाचा आदेश होता.

टायगर हिलची उंची सुमारे ५,००० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट. विमाने त्याहूनही वर उडत. तेथील विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि वळणाचा घेर रुंदावतो. तीव्र वळणात गमावलेला वेग परत मिळवायचा, तर उंची खर्चावी लागते. म्हणून अशा द्वंद्वात घाईने वळणारा वैमानिक बहुधा हरतो.

बॉम्बफेकी विमानांचे रक्षण करणारी मिग-२९ विमाने १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाली होती. त्यांची क्षेपणास्त्रे दृष्टीपलीकडे मारा करीत. पाकिस्तानी एफ-१६ कडे तेव्हा फक्त जवळच्या माऱ्याची होती. झुंजीसाठी जवळ येणे, म्हणजे आधी त्या माऱ्यात शिरणे. ती आलीच नाहीत.

धोका आला तो जमिनीवरून. २८ मे रोजी खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. चौघे हुतात्मा झाले. त्यानंतर विमाने अधिक उंचावरून लढली. २४ जूनला मिराजने टायगर हिलवर लेझर-मार्गदर्शित बॉम्ब टाकले, तेव्हा त्यांना अडवायला आकाशात कोणी नव्हते.