व्यवसाय कर आणि कामाचा हक्क

आपल्या मंडळास वर्गणी देताना ती कोठे खर्ची पडते हे आपण डोळ्यांनी पाहू शकतो. कराचे तसे नाही. तो सक्तीने द्यावा लागतो आणि त्याचे फळ बहुधा अनोळखी माणसाच्या पदरी पडते. मग समाजाने तो का द्यावा? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात आहे. ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात एक प्रयोग केला. अंगमेहनत करू इच्छिणाऱ्यास काम मिळणे ही कृपा नसून त्याचा हक्क आहे, हा त्यामागील विचार. १९७२ साली शासनाने रोजगार हमी योजना आखली आणि त्याच वर्षी दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. काल स्वतःच्या शेताचा धनी असलेला शेतकरीही त्यांत खडी फोडीत होता.

दुष्काळ सरला, तरी हक्क टिकवावयाचा तर पैशाची कायम तरतूद हवी होती. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या मिळकतीतून थोडा अंश घ्यावा, बागायती जमिनीवरील व अन्य काही करांची त्यास जोड द्यावी, आणि जमेल तेवढीच रक्कम शासनाने आपल्याकडून घालावी, अशी ही योजना होती. १९७७ साली संमत झालेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. या पैशातून पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते झाले. त्या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती. केंद्राने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्यासमोर होता.

या इतिहासात न्यूनेही आहेत. कोठे हजेरीपटावर खोटी नावे चढली, तर काही वर्षी जमलेला निधी पुरता खर्च झाला नाही. परंतु त्यावरून कर व्यर्थ ठरत नाही. हिशेब मागण्यात आपण उणे पडलो, एवढेच ठरते.

दान देणाऱ्यापुढे घेणाऱ्यास मान लववावी लागते. कायद्याने हेतू ठरवून दिलेल्या करात तसे नाही. येथे देणारा व घेणारा एकमेकांस ओळखत नाहीत, म्हणूनच घेणाऱ्याची मान ताठ राहते. शिवाय देणाऱ्यासही विचारणा करण्याचा अधिकार प्राप्त होतो. आपल्यापैकी अनेकांचे पगार शहरात होतात, पण भाऊबंद अजून कोरडवाहू गावी आहेत. पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या अल्प रकमेकडे पाहताना हे नाते ध्यानी ठेवावे आणि तिचा हिशेब निःसंकोच मागावा, हीच आमची विनंती.