सापडले नाही

गेल्या वर्षी एका छोट्या गटासाठी मी एक माहितीपुस्तिका लिहायला घेतली. साधन साधे होते. शोधनिबंधाचे शीर्षक, लेखक किंवा ओळखक्रमांक दिला, की तो कुठे व कधी छापला गेला आणि पुढे कोणी-कोणी त्याचा आधार घेतला, हे ते शोधून देई. वेगळेपण एवढेच, की पुस्तिकेचा वाचक माणूस नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’, म्हणजे नुसते उत्तर न देता हाताशी दिलेली साधने वापरून काम करणारे प्रोग्राम, ती वाचणार होते आणि त्यावरून साधन केव्हा व कसे वापरायचे ते ठरवणार होते.

साधन जोडण्यापूर्वी सहज म्हणून मी एजंटकडे जुन्या मराठी नियतकालिकांवरील लेखांची यादी मागितली. पाच नोंदी आल्या. चौथ्या नोंदीतला लेखक ओळखीचा, त्रैमासिक ओळखीचे, वर्ष आणि पृष्ठांकही नेमके. लेख मात्र कधी पाहिल्याचे आठवेना. ग्रंथालयात जाऊन त्या वर्षाची बांधीव फाइल काढली. त्या पानावर एका शोकसभेचा वृत्तांत होता. तो लेख कोणी लिहिलेलाच नव्हता.

‘हे साधन कशासाठी आहे?’ या पुस्तिकेतल्या पहिल्याच प्रश्नाशी मी अडले, ती यामुळे. उत्तर शोधत मागे गेले, तेव्हा वाट विज्ञानाकडे न जाता वकिलांच्या कचेरीत जाऊन पोहोचली.

अमेरिकेतील न्यायालये पूर्वीच्या निवाड्यांचा आधार घेतात. पण काल ग्राह्य असलेला निवाडा आज वरच्या न्यायालयाने फिरवलेला असू शकतो, आणि हे ठाऊक नसलेला वकील तोंडघशी पडतो. १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड यांनी शिकागोत यावर उपाय काढला. एखाद्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणत्या निवाड्यांत झाला, हे छापलेल्या, मागे डिंक लावलेल्या चिठ्ठ्या ते विकू लागले. वकील त्या आपल्या निवाडासंग्रहाच्या समासात चिकटवत. पुढे चिठ्ठ्यांचे ग्रंथ झाले, आणि निवाडा अजून टिकून आहे का हे तपासण्याला तिथले वकील ‘शेपर्डाइज करणे’ म्हणू लागले.

या व्यवसायातून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी १९५३ मध्ये एक पत्र लिहिले. वैद्यकीय लेखांच्या सूचीकरणावर बाल्टिमोरमध्ये काम करणाऱ्या यूजीन गारफील्ड यांच्यापर्यंत शेपर्डची पद्धत पोहोचली ती या पत्रामुळे. लेखाखालची संदर्भसूची मागे पाहते. ती उलटवली, तर एखाद्या लेखाचे पुढे काय झाले ते दिसते, हे गारफील्ड यांनी हेरले. १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील निबंधात त्यांनी विज्ञानासाठी अशा सूचीचा प्रस्ताव मांडला. जुन्या, अपुऱ्या किंवा खोट्या माहितीचा डोळे झाकून घेतला जाणारा आधार थांबावा, हा त्यांचा एक हेतू होता. १९६३ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. त्यात ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख संदर्भ होते.

पुढचा प्रवास परिचित आहे. तपासणीसाठी केलेली सूची मोजणीसाठी वापरली जाऊ लागली, आणि प्राध्यापकांच्या बढत्याही त्या आकड्यांशी बांधल्या गेल्या. २००० साली ‘क्रॉसरेफ’ ही संस्था उभी राहिली. शोधनिबंधांना डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देऊन त्यांचे परस्परसंदर्भ जोडणे हे तिचे काम. २०२२ मध्ये ‘ओपनअ‍ॅलेक्स’ ही खुली सूची आली. आमचे साधन अशाच खुल्या सूच्यांना प्रश्न विचारते.

आणि २०२३ मध्ये वर्तुळ पूर्ण झाले. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी सादर केलेल्या युक्तिवादातले काही निवाडे चॅटजीपीटीने रचलेले निघाले. वकिलाने हे खरे आहेत का असे त्यालाच विचारले होते, आणि त्याने होकार दिला होता. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. ज्या व्यवसायाने संदर्भ तपासण्याची दीडशे वर्षांची शिस्त घडवली, त्यातच हे घडावे!

मग मी पुस्तिकेत पहिला नियम लिहिला : ओळखक्रमांक आठवणीतून देऊ नये, साधनाने परत दिलेलाच द्यावा. दुसरा : शीर्षक जुळले, पण वर्ष किंवा लेखक जुळला नाही, तर फरक झाकू नये. तिसरा : नोंद न मिळाल्यास ‘सापडले नाही’ असे स्पष्ट सांगावे.

पुन्हा चाचणी घेतली. चौथी नोंद गळून पडली. समाधान वाटले. मग माझ्या टेबलावर झेरॉक्स असलेल्या, एका जुन्या दिवाळी अंकातील लेखाबद्दल विचारले. उत्तर आले : हा लेख अस्तित्वात नाही.

नसलेला लेख खरा ठरवणे आणि असलेला लेख पुसून टाकणे, यांत दुसरी चूक मला अधिक भयंकर वाटली. पहिली ग्रंथालयाच्या एका फेरीत उघडी पडते. दुसरीनंतर ग्रंथालयात जाणार कोण? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीतील कितीतरी संशोधन या अंकांतून आले आहे. त्याला डीओआय नाही. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तके तिच्यामुळे शोधता येतात. पण ती ग्रंथांची सूची आहे. अंकांतल्या लेखांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

म्हणून चौथा नियम वाढवला : ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. कोणत्या सूचीत शोधले ते सांगावे, आणि भारतीय भाषांतील लेख असेल, तर छापील अंक पाहण्यास सुचवावे. त्यानंतर त्याच प्रश्नाला एजंटने लिहिले, की आपण पाहिलेल्या सूच्यांत ही नोंद नाही, मूळ अंक पाहावा लागेल. इतके उत्तर मला पुरे होते.

आपल्या हातातल्या या लेखाबद्दल त्या साधनाला विचारले, तर तेही ‘सापडले नाही’ असेच म्हणेल. ते बदलायचे, तर प्रत्येक दिवाळी अंकाने आपल्या जुन्या अंकांतील लेखांची लेखक, शीर्षक, वर्ष व पृष्ठ यांसह सूची करून ती खुली करावी. ते काम एजंट करणार नाही. अंक आपल्या कपाटात आहेत.